शंभरच्या वरचे सगळे

‘टोटल आयजीई’ ही रक्ततपासणी आपल्याकडे सध्या ज्या पद्धतीने विकली जाते, छापली जाते आणि वाचली जाते, ती पद्धत चुकीची आहे, आणि त्या चुकीची किंमत मुख्यतः लहान मुलं आणि त्यांच्या आया मोजतात, असं माझं म्हणणं आहे. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, गेली सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. मग तुझा काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध असा की रिपोर्टवरचा तो आकडा लाल करणारी ओळ माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेली असते. आकडा शंभरपेक्षा मोठा असेल तर रंग लाल, नसेल तर काळा. एवढाच तो कोड. माझं भांडण त्या ओळीशी आहे, आणि ती ओळ लिहायला सांगणाऱ्यांशी.

ज्यांना अजून असा रिपोर्ट मिळालेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या रक्तात पाच जातींची प्रतिपिंडं असतात. त्यांतलं सगळ्यांत मुबलक आयजीजी, आणि सगळ्यांत दुर्मीळ आयजीई. आयजीजी एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा मिलिग्रॅम सापडतं. आयजीई मोजायला नॅनोग्रॅम लागतात. त्याचं एक आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. रिपोर्टवर ज्या ‘१००’च्या पुढे धोक्याचा रंग लागतो, ते शंभर युनिट म्हणजे २४० नॅनोग्रॅम, आयजीजीच्या चाळीस हजारांशाच्या आसपास. शिवाय हे प्रतिपिंड रक्तात फार टिकतही नाही, दोनेक दिवसांत अर्धं होतं. त्याचं खरं ठिकाण वेगळंच आहे. त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत, आतड्यात ज्या मास्ट पेशी असतात त्यांच्या पृष्ठभागावर ते जाऊन चिकटतं आणि तिथे आठवडेच्या आठवडे बसून राहतं. ॲलर्जीचा तमाशा होतो तो तिथे. तेव्हा रक्तातलं आयजीई मोजणं म्हणजे दादरच्या फलाटावर उभी असलेली माणसं मोजून लोकलच्या डब्यात किती गर्दी असेल ते सांगण्यासारखं आहे. संबंध आहे, नाही असं नाही. पण त्या संबंधावर किती भार टाकायचा, हा प्रश्न आहे.

या रेणूचा इतिहास मोठा रंजक आहे आणि मुद्द्याला धरून आहे, म्हणून सांगतो. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरला माशांची ॲलर्जी होती. त्याच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. म्हणजे ॲलर्जी ही मनाची किंवा स्वभावाची गोष्ट नसून रक्तातून एका माणसातून दुसऱ्यात नेता येईल असं काहीतरी आहे, हे सिद्ध झालं. ते ‘काहीतरी’ सापडायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य, आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन आणि बेनिक, असे दोन गट स्वतंत्रपणे तिथे पोचले. १९६८ साली लोझानला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत ‘आयजीई’ या नावावर शिक्कामोर्तब झालं.

आता गंमत पाहा. बारसं झालं त्याच वर्षी योहान्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध छापला. इथिओपियातल्या, शाळेत जायच्या वयाच्याही आतल्या मुलांची आयजीई त्यांनी मोजली होती. ती स्वीडिश मुलांच्या कितीतरी पटींनी जास्त निघाली, आणि त्यातही ज्यांच्या पोटात जंत होते त्यांची आणखी जास्त. ही मुलं ॲलर्जीने बेजार नव्हती. त्यांना जंत होते. म्हणजे ‘हा आकडा देशागणिक, परिस्थितीगणिक प्रचंड बदलतो आणि तो वाढण्याचा अर्थ ॲलर्जी असा होतोच असं नाही’ ही गोष्ट आयजीईच्या जन्मापासून माहीत आहे. पन्नासहून अधिक वर्षं झाली. आणि आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मुलाच्या हातावर खाज उठली की रक्त जातं, आकडा येतो, आणि तो उप्सालाच्या पट्टीने मोजला जातो.

पट्टीबद्दलच बोलू. अमेरिकेत ‘न्हेन्स’ नावाचं राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण होतं. सगळ्या देशाचं प्रतिनिधित्व होईल अशा रीतीने माणसं निवडून त्यांच्या रक्तापासून आहारापर्यंत सगळं मोजलं जातं. २००५-०६च्या फेरीत त्यांनी सहा वर्षांवरच्यांचं एकूण आयजीई मोजलं. मध्यक आला ४०.८. म्हणजे निम्मे लोक याच्या खाली, निम्मे वर. खालचा चतुर्थक १५.९ आणि वरचा ११४. हे तीन आकडे जरा नीट पाहा. वरचा चतुर्थक ११४ याचा अर्थ त्या देशातल्या पंचवीस टक्के माणसांची आयजीई ११४च्याही वर आहे. शंभरवर लाल रंग लावायचा असेल तर चारांतला निदान एक अमेरिकन रस्त्यात उभा करून लाल रंगवावा लागेल. ही जंत नसलेल्या, बंद गटारांच्या, फ्रीजच्या देशाची कथा.

दुसरी गोष्ट. मध्यकापासून खालचा चतुर्थक पंचवीस युनिटांवर आहे, आणि वरचा त्र्याहत्तर युनिटांवर. म्हणजे हे वितरण शाळेत शिकवलेल्या घंटेसारखं नाही, एका बाजूला लांबलचक शेपूट असलेलं आहे. पण वजाबाकीऐवजी भागाकार करून बघा. मध्यक खालच्या चतुर्थकाच्या २.६ पट आहे, आणि वरचा चतुर्थक मध्यकाच्या २.८ पट. आली ना समानता? याचाच अर्थ आयजीई बेरजेने नाही, गुणाकाराने पसरतं. लघुगणक घेतला की घंटा दिसायला लागते. सर्व्हरचा प्रतिसादाचा वेळ मोजणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. आम्ही सरासरी बघत नाही, मध्यक बघतो आणि नव्याण्णवावा शततमक बघतो, कारण सरासरी अशा ठिकाणी सरळ फसवते. आता हे वितरण खरोखर लघुगणकी प्रसामान्य आहे असं धरून चतुर्थकांवरूनच पाठीमागच्या पानावर हिशेब केला, तर ‘मधले ९५ टक्के ते नॉर्मल’ या रूढ व्याख्येनुसार वरची मर्यादा सातशेच्या आसपास येते. शंभर कुठे आणि सातशे कुठे!

मग शंभर आलं कुठून? ॲलर्जी नसलेल्या निरोगी माणसांवरून, आणि तीही बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. ही पद्धत मुळात वाईट नाही. ज्यांना दमा, शिंका, इसब काही नाही अशी माणसं वेगळी काढायची, त्यांची आयजीई मोजायची, त्यांच्या वरच्या टोकाला रेघ मारायची. पण मग त्या रेघेचा अर्थ ‘ॲलर्जी नसलेल्या स्वीडिश किंवा अमेरिकन माणसात याहून जास्त सहसा दिसत नाही’ एवढाच होतो. ‘याहून जास्त असेल तर तुम्हांला ॲलर्जी आहे’ असा होत नाही. दोन्ही वाक्यं एकच आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘सगळे कावळे काळे’ यावरून ‘सगळे काळे कावळे’ असा निष्कर्ष काढून बघावा. आणि ज्या देशात जंतांसाठी २०१५पासून दरवर्षी शाळाशाळांतून ॲल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय दिवस पाळावा लागतो, त्या देशात काळे पक्षी जरा जास्तच असणार.

जंत नसले तरी हा आकडा स्थिर नाहीच. आईचं आयजीई वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे जन्मतः ते जवळपास शून्य असतं. वाढत वाढत किशोरवयाच्या सुमारास टोकाला पोचतं आणि नंतर उतरत जातं. पुरुषांत बायकांपेक्षा जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. इसब असलेल्या मुलाचं हजारांत जाणं नवलाचं नाही. या सगळ्यावर उपाय म्हणून बहुतेक रिपोर्टांवर वयाचे तीन-चार गट छापलेले असतात, तेही बऱ्याचदा किटच्या डब्यातल्या माहितीपत्रकावरून जसेच्या तसे उतरवलेले.

प्रयोगशाळांनी स्वतःच्या लोकसंख्येची पट्टी कशी ठरवावी याचे नियम अस्तित्वात आहेत. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं म्हणणं असं की, स्वतःची पट्टी बनवायची तर किमान १२० निरोगी माणसं घ्या. ते जमत नसेल तर निदान वीस माणसं घेऊन उसनी पट्टी पडताळून बघा. वीसांतली दोनपेक्षा जास्त बाहेर पडली नाहीत तर चालवून घ्या. वीस माणसं! एका मोठ्या लॅबमध्ये एवढी माणसं कामालाच असतात. मी एका लॅबच्या ग्राहकसेवेला फोन करून विचारलं की, तुमच्या रिपोर्टवरची शंभरची मर्यादा कोणाच्या रक्तावरून आली आहे. तीन माणसांकडे फोन फिरल्यावर चौथीने अतिशय नम्रपणे सांगितलं, “सर, ते सॉफ्टवेअरमध्येच येतं.” मला त्या मुलीचा राग आला नाही. तिने खरं तेच सांगितलं.

एकूण आयजीई हा निव्वळ पहिला अंक. शंभरच्या वर आकडा आला की त्या धाकाने दुसरी तपासणी विकली जाते. साठ-सत्तर-ऐंशी पदार्थांचं ‘पॅनेल’. गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, तूर, मूग, वांगं, केळं, लसूण, झुरळ, धूळ, परागकण. प्रत्येकापुढे विशिष्ट आयजीईचा आकडा, आणि पुढे वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन. इथे रेघ असते ०.३५ची. ही रेघसुद्धा कुठल्या रुग्णाकडे बघून आखलेली नाही; सत्तरच्या दशकात बाजारात आलेल्या ‘रास्ट’ चाचणीत वर्ग एकची ती खालची पायरी होती, आणि ती तशीच वारशाने चालत आली.

विशिष्ट आयजीई रक्तात सापडणं याला सेन्सिटायझेशन म्हणतात. म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे. ॲलर्जी म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर किंवा हुंगल्यावर खरोखर काही होणं. या दोन गोष्टींत किती अंतर असतं? वर सांगितलेल्या अमेरिकी सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ४४.६ टक्के लोकांत कोणत्या ना कोणत्या ॲलर्जनविरुद्ध आयजीई सापडलं. जवळपास निम्मा देश. पण आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही, कर्नाटक पुरे. युरोपातल्या ‘युरोप्रिव्हॉल’ प्रकल्पाचा एक भाग बंगळुरू-म्हैसूर परिसरात झाला, २०१६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. प्रौढांमध्ये चोवीस खाद्यपदार्थांपैकी निदान एकासाठी आयजीई सापडलेले लोक निघाले २६.५ टक्के. आणि त्याच पदार्थाने खरोखर त्रास होतो, म्हणजे ‘बहुधा ॲलर्जी आहे’, असे निघाले १.२ टक्के.

हजार माणसं घ्या. दोनशे पासष्ट जणांच्या रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’. त्यांतल्या खऱ्याखुऱ्या ॲलर्जीवाल्या फक्त बारा. उरलेले दोनशे त्रेपन्न त्या दिवशी सकाळी नाश्त्याला तेच खाऊन आलेले. ज्या गजराच्या पंच्याण्णव टक्के हाका खोट्या असतात तो गजर आमच्या धंद्यात कोणी चालू ठेवत नाही. ठेवला तर रात्री ड्युटीवर असलेला इंजिनिअर तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बंद करतो, आणि मग चौथ्या दिवशी खरंच आग लागते.

पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये तर याहून मौज. तिथल्या शाळकरी मुलांत शेंगदाण्याविरुद्धचं आयजीई भरपूर सापडलं, पण त्वचेवरची चाचणी बहुतेकांची नकारार्थी, आणि मुलं शेंगदाणे मजेत खात होती. २०१३ साली छापलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की हे आयजीई बहुधा शेंगदाण्याच्या प्रथिनांशी नव्हे, तर शर्करेच्या साखळ्यांशी जुळत असावं. अशाच साखळ्या जंतांच्या अंगावरही असतात. चाचणी खोटं बोलली नाही. तिने फक्त एकाच चेहऱ्याची दोन माणसं असलेल्या गावात चेहऱ्यावरून चोर पकडला.

“बरं, पण चुकून थोडी काळजी जास्त घेतली तर बिघडलं कुठे?” हा युक्तिवाद मी इतक्या सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकला आहे की त्याचं उत्तर सविस्तर देतो.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा. नाशिकला असतात. सव्वातीन वर्षांचा असताना त्याला कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत खाज, लाल चट्टे, साधं इसब. जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. एकूण आयजीई ७१२, लाल अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. मग पॅनेल. त्यात गहू, दूध, शेंगदाणा, तूर, अंडं आणि वांगं पॉझिटिव्ह. रिपोर्टसोबत एक रंगीत तक्ता आला: हिरव्या रकान्यातलं खा, लाल रकान्यातलं वर्ज्य. ताईने तो फ्रीजवर लावला. पुढचे पाच महिने त्या घरात पोळी झाली नाही. वरण मुगाचं, दुधाऐवजी काहीबाही पावडरी. शेजारच्या वाढदिवसाला पोर डबा घेऊन जायचं. इसब होतं तिथेच राहिलं. वजन मात्र वाढायचं थांबलं. आणि सासूबाईंचं रोजचं एक वाक्य, “तुमच्याकडून आलेलं दिसतंय हे.” शेवटी ॲलर्जीचं खास शिक्षण घेतलेल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट उलटा ठेवला आणि विचारलं, “रिपोर्ट येण्याआधी शेंगदाण्याची चटणी खायचा का?” खायचा की, रोज. “काय व्हायचं?” काहीच नाही. त्या एका प्रश्नात जी माहिती होती ती साडेसहा हजारांच्या कागदात नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. बाई म्हणाल्या, आता लगेच घरी जाऊन सगळं सुरू करू नका. इसब असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ महिनोन् महिने पूर्ण बंद ठेवला तर शरीराची त्याला सहन करायची सवय मोडू शकते, आणि पुन्हा देताना खरीच प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून दूध आणि शेंगदाणा दवाखान्यात बसवून, चिमूट-चिमूट वाढवत दिला. सुदैवाने काही झालं नाही. म्हणजे कागदावरच्या खोट्या ॲलर्जीवर केलेल्या उपायाने खरी ॲलर्जी तयार होण्याची शक्यता होती. ही धास्ती ऐकीव नव्हे. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘लीप’ नावाच्या चाचणीत, जिचे निकाल २०१५ साली आले, इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही बाळं घेतली. अर्ध्यांना शेंगदाणा द्यायचा, अर्ध्यांना टाळायचा. सुरुवातीला त्वचाचाचणी नकारार्थी असलेल्यांत पाच वर्षांच्या वयाला, टाळणाऱ्या गटात १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली आणि खाणाऱ्या गटात १.९ टक्के. काळजीपोटी टाळणं हेच रोगाचं कारण ठरलं. पाश्चात्त्य देशांनी त्यांचे सल्ले त्यानंतर उलटे फिरवले. आपल्या फ्रीजवरचे रंगीत तक्ते अजून फिरायचे आहेत.

इथपर्यंत वाचून काही वडीलधाऱ्यांना उकळी फुटली असेल. “आम्ही म्हणतच होतो! आमच्या वेळी मातीत खेळायचो, कसली ॲलर्जी नि कसलं काय.” काका, थांबा. तुमच्याशीही भांडण आहे.

मातीचा सिद्धान्त निराधार नाही. डेव्हिड स्ट्रॅकनने १९८९ साली ब्रिटनमधल्या सतरा हजारांवर मुलांच्या नोंदी तपासून दाखवलं की, भावंडं जितकी जास्त, विशेषतः मोठी भावंडं, तितकी परागज्वराची शक्यता कमी. जर्मनीचं एकीकरण झाल्यावर पूर्वेच्या धुरकट शहरांपेक्षा पश्चिमेच्या स्वच्छ शहरांत ॲलर्जी जास्त निघाली. २०१६ सालचा अमेरिकेतला अभ्यास तर फारच बोलका आहे. आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी पंथ, मूळ सारखंच, आहार जवळपास सारखा. आमिश अजून घोड्यांवर आणि घराशेजारच्या गोठ्यावर, हटराइट यांत्रिक शेतीवर. आमिश मुलांत दमा ५.२ टक्के, हटराइट मुलांत २१.३.

पण यावरून ‘घाण चांगली’ हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढचं पानही वाचावं. गॅबनमध्ये जंतांवर वारंवार औषध दिलेल्या मुलांची धुळीतल्या किड्यांबद्दलची त्वचेची संवेदनशीलता वाढली, हे खरं. इक्वेडोरमध्ये अठ्ठावन्न नव्हे, चांगल्या अडुसष्ट शाळांत वर्षभर केलेल्या तशाच प्रयोगात असं काही आढळलं नाही. डेन्मार्कमध्ये परागज्वराच्या रोग्यांना मुद्दाम डुकराच्या जंतांची अंडी पाजून पाहिली; शिंका तशाच राहिल्या. आणि तुमच्या वेळी दमा नव्हता असं नाही. दम्याने जाणाऱ्या माणसाला ‘छातीत कफ झाला’ म्हणत असत. जंतांनी पोरं खुरटतात, पंडुरोगी होतात. आकडा खाली आणण्यासाठी पोराला जंत हवेत असं म्हणणारा, आणि आकडा खाली आणण्यासाठी त्याचं दूध तोडणारा, दोघंही मुलाकडे न बघता कागदाकडे बघतायत.

आयजीईची तपासणीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. टुसॉनच्या बरोज आणि मंडळींनी १९८९ साली दाखवलं की वय आणि लिंग लक्षात घेऊन ज्यांची आयजीई सगळ्यांत कमी होती अशा १७७ जणांत दमा एकालाही नव्हता, आणि आकडा वाढेल तसतसं दम्याचं प्रमाण चढत गेलं. लोकसंख्येच्या पातळीवर हा संबंध पक्का आहे. फक्त तो चढाचा संबंध आहे, उंबरठ्याचा नव्हे. ‘शंभर’ला तिथे काहीही घडत नाही. आणि काही नेमक्या प्रश्नांना हाच आकडा नेमकं उत्तर देतो. फुप्फुसात ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी होऊन दमा चिघळतो, त्या एबीपीएच्या निदानात एकूण आयजीई मध्यवर्ती आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांचं नेतृत्व चंडीगढच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी केलं. २०१३ साली रेघ हजारवर होती, २०२४ साली विचारपूर्वक पाचशेवर आणली. ओमालिझुमॅब या इंजेक्शनचा डोस वजन आणि आयजीई पाहून ठरतो. मधमाशीच्या डंखाने कोसळलेल्या माणसाचं विशिष्ट आयजीई बघणं जीव वाचवू शकतं. या सगळ्यांत एक साम्य आहे. आधी प्रश्न, मग रक्त. पॅकेजमध्ये आधी रक्त, मग त्या रक्तासाठी रोग शोधायचा.

आणि उलट दिशेची चूक राहिलीच. पुण्यात गाजरगवताने मान-हात-पापण्या सोलवटून निघालेली माणसं सर्रास दिसतात. गाजरगवताने होणारी ती त्वचेची ॲलर्जी मुख्यतः टी पेशींचं काम आहे, आयजीईचं नाही. तिथे पाठीवर पट्ट्या लावून तपासावं लागतं. अशा माणसाचं आयजीई अठ्ठावीस येतं, काळ्या अक्षरांत, आणि त्याला सांगितलं जातं की तुम्हांला ॲलर्जी नाही. तो पुन्हा शेतावर जातो.

सगळ्यांत हीन प्रकार म्हणजे ‘फूड इन्टॉलरन्स’च्या नावाखाली आयजीजीचं पॅनेल विकणं. आयजीजी हे मुळात आपण काय खातो याचं लेखी उत्तर. जे रोज खाता त्याचं जास्त सापडणार. पॅनेल तुम्हांला तुमचाच आहार लाल रंगात परत विकतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच ही चाचणी या कामासाठी करू नये असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. तरीही महिन्याला एकदा तरी माझ्या फोनवर तिची सवलतीची जाहिरात येते.

मागणी फार मोठी नाही. रिपोर्टवर लाल रंग आणि बाण लावण्याऐवजी त्या वयाच्या, त्या लिंगाच्या शंभर जणांत तुमचा नंबर कितवा हे छापा. हे करायला मला एक दुपार लागेल, फुकट करून देतो. पट्टी कोणाच्या रक्तावरून आली हे तिच्याखाली एका ओळीत लिहा. ‘हे खाल्ल्यावर काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर अर्जात लिहिलेलं नसेल तर खाद्यपदार्थांचं पॅनेल करूच नका. आणि सरकारला: २०१६ ते १८ या काळात आपण देशभरातल्या हजारो मुलांचं रक्त राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणासाठी गोळा केलं, लोह आणि जीवनसत्त्वं मोजली. पुढच्या फेरीत त्याच नमुन्यांत आयजीई मोजायला थेंबभर रक्त पुरतं. गडचिरोलीच्या मुलाचा मध्यक, ठाण्याच्या मुलाचा मध्यक, उसाच्या फडावर फिरणाऱ्या मुलाचा मध्यक. एवढे तीन आकडे माझ्या हाती द्या, लाल रंगाची ती ओळ मी पुन्हा लिहितो.